नाचऱ्यांची शिडी कोर्टात

देवाने कुणाच्या गळ्यात सूर घातला, कुणाच्या बोटांत कसब घातले. ज्या माणसाची ही हकीकत आहे, त्याच्या बाबतीत मात्र देवाने सगळा आनंद दोन तळपायांत ओतला, आणि वर गंमत म्हणून चांगले भरभक्कम पोट दिले. हा माणूस शिड्या बनवीत असे. लाकडाच्या, साध्या, भिंतीला टेकवून चढायच्या शिड्या. आणि बनवून झालेली प्रत्येक शिडी तो नाचून बघत असे.

नाचून म्हणजे खरोखर नाचून, मायबाप! अंगणातल्या भिंतीला शिडी टेकवायची, वहाणा काढून बाजूला ठेवायच्या, दोन्ही हातांनी बाजूचे दांडे धरायचे, पहिल्या पायरीवर पाय जुळवायचे आणि डोळे मिटून, देवाचे नाव घेत, उड्या मारायच्या. मग दुसरी पायरी. मग तिसरी. पोट हाले, शिडी हाले, अंगण हाले, शेजारचा पाववाला हातांचे पीठ झटकत दारात येई, शाळेतून परतणारी मुले कुंपणाला चिकटत, आणि शेवटच्या पायरीवरून तो साऱ्या आळीला ऐकू जाईल असे ओरडे, "पास!" मुले टाळ्या पिटत. लोकांनी त्याचे नाव नाचरे ठेवले ते यावरूनच. खरे आडनाव कंपनीच्या पाटीवर होते. पण पाट्या वाचतो कोण?

कंपनी म्हणजे पत्र्याखालची एक लांबट खोली. आत रंध्याखालून निघालेल्या सालींचे कुरळे ढीग, शेगडीवर रटरटणारा सरस, उन्हाच्या पट्ट्यात तरंगणारा भुसा. हिशेब आणि पत्रव्यवहार बघायला नाचऱ्यांची बायको, जिला सगळे वहिनी म्हणत. दांडे कापायला एक वृद्ध मिस्त्री, जो बोलण्याऐवजी खोकत असे आणि ज्याच्या खोकल्याचे अर्थ सगळ्यांना कळत. व्हार्निश लावायला मावशी. आणि मालाची ने-आण करायला वहिनींचा धाकटा भाऊ, ज्याच्या रागाला उद्देशून आळीने त्याला तोफ हे नाव बहाल केले होते.

या पाच जणांच्या कंपनीत तीन नियम होते आणि तिन्ही नियम नाचऱ्यांच्या प्रेमातून जन्मले होते. पहिला नियम, मालक नाचल्याशिवाय शिडी दाराबाहेर जाणार नाही. दुसरा, मोडकी शिडी परत आली तर ती त्याच दिवशी दुरुस्त होईल, फुकट होईल, आणि आणणाऱ्याला एक अक्षरही विचारले जाणार नाही. नाचरे म्हणत, "गिऱ्हाईक बिचारं आधीच खजील होऊन आलेलं असतं. त्याला आणखी काय टोचायचं?" आणि तिसरा, तुटलेली पायरी फेकायची नाही. भिंतीत भोक पाडून ती खुंटीसारखी ठोकायची. धड टोक भिंतीत, तुटलेले टोक बाहेर. आपली चूक आपल्या डोळ्यांसमोर राहावी म्हणून. त्या खुंट्यांवर सगळ्यांचे डबे, पिशव्या, छत्र्या लटकत. चुकांनाही त्या घरात काम मिळत असे!

अशा या आनंदाच्या घरी एके सकाळी कोर्टाचा बेलीफ आला.

नाचरे तेव्हा एका नव्या शिडीच्या अर्ध्या उंचीवर, डोळे मिटून, ऐन रंगात होते. बेलीफ खाली उभा राहून एकदा खाकरला, दोनदा खाकरला. आतून मिस्त्रींनी खोकून त्याला उत्तर दिले.

"मालक कोण?" बेलिफाने शेवटी विचारले.

"हे काय, वर नाचतायत ते," मावशी म्हणाली. "थांबा जरा, तीन पायऱ्या राहिल्यात."

बेलीफ थांबला नाही. त्याने हात उंचावून समन्स वर दिले, नाचऱ्यांनी शिडीवरूनच सही केली, शिडीवरूनच वाचले, आणि वाचता वाचता त्यांच्या तळपायांतला सगळा आनंद कुणी तोटी उघडावी तसा वाहून गेला.

त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने, एका रंगाऱ्याने, कंपनीवर दावा लावला होता. काम करताना शिडीची पायरी तुटली, तो खाली पडला, उजवे मनगट मोडले, हंगामाचे काम गेले. आणि त्याहून वाईट म्हणजे, कंपनीने तुटलेली पायरी गुपचूप काढून नवी बसवली आणि पुरावा नष्ट केला, असे त्यात म्हटले होते.

नाचरे खाली उतरले. तीन पायऱ्या नाचायच्या राहिल्या त्या राहिल्याच.

"माझी शिडी?" ते पुन्हा पुन्हा म्हणू लागले. "माझ्या पायांखालून गेलेली?"

"खोटं बोलतोय तो!" तोफ धडाडली. "भावजी, मी आत्ता जातो आणि त्याला त्याच्याच बादलीत बुडवून काढतो."

"अरे, हात मोडलाय त्याचा," मावशी म्हणाली. "मी जाते त्याच्याकडे काहीतरी गोड घेऊन."

"मी जातो," नाचरे म्हणाले. "पाय धरतो त्याचे. म्हणतो, चूक माझी, माग काय हवं ते."

वहिनींनी शांतपणे दार लावले आणि दारालाच पाठ टेकून उभ्या राहिल्या. "कुणी कुठेही जायचं नाही. एक बुडवायला निघालाय, एक भरवायला आणि एक लोटांगण घालायला! अहो, हा कुणाच्या घरचा रुसवाफुगवा नाही. कोर्टाचा कागद आहे. याला उत्तर देण्याची मुदत असते." आणि ती तारीख त्यांनी खडूने पत्र्यावर एवढी मोठी लिहिली की ती पाववाल्यालाही त्याच्या दारातून दिसावी.

वकीलबाईंचे ऑफिस एका शिंप्याच्या दुकानावर होते. खालून शिवणयंत्राची घरघर सतत वर येई आणि वकीलबाईंनी तिच्यावरून आवाज चढवण्याची इतकी सवय करून घेतली होती की त्या साधे "बसा" म्हणाल्या तरी माणूस दचकून बसे. वहिनी आणि नाचरे बसले. तोफ उभा राहिला.

"तारखेच्या आत आलात, हे उत्तम," त्या म्हणाल्या. "निम्मे लोक कागद उशीखाली ठेवतात आणि तो आपोआप विरघळेल म्हणून वाट बघतात. विमा आहे?"

"आहे," वहिनी म्हणाल्या. "हे नको म्हणत होते. म्हणत होते, मी नाचतो तो विमाच."

"विमा कंपनीला आजच कळवा. उशीर झाला तर तेच हात वर करतील. आता सांगा, ती शिडी कुठे आहे?"

नाचऱ्यांचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदाच खुलला. "रंगाऱ्याकडेच! एकदम ठणठणीत. त्याच्या गाडीवाल्यानं मोडकी आणून टाकली, म्हणाला, पायरी तुटली. त्याच दिवशी पायरी नवी, व्हार्निश नवं, कडासुद्धा घासून दिल्या."

"कुणी?"

"मीच की!"

वकीलबाईंनी पेन खाली ठेवले. "म्हणजे ज्या पायरीवरून हा सगळा दावा उभा आहे, ती तुम्ही स्वतःच्या हातांनी काढलीत?"

"फुकटात!" नाचरे म्हणाले.

खालचे शिवणयंत्र नेमके तेव्हाच थांबले, आणि त्या शांततेत नाचऱ्यांना आपण काय बोललो ते उमगले.

"पडला कसा, कुणाला लागलं का, काही विचारलं नाहीत?"

"आम्ही विचारत नाही," नाचरे हळूच म्हणाले. "तो आमचा नियम आहे."

"आणि तुटलेली पायरी?"

"आहे ना. भिंतीत."

"मग काढून शेगडीत घालू!" तोफ मध्येच बोलला. "नष्ट केलीच म्हणतायत, तर होऊ दे नष्ट. कोण बघतंय?"

वकीलबाईंनी त्याच्याकडे बघितले, आणि तोफेच्या नळीत पाणी शिरावे तसा तो ओला झाला. "हे वाक्य मी ऐकलेलं नाही," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही ते आयुष्यात पुन्हा बोलणार नाही. नीट ऐका सगळे. आजपासून कशालाही हात लावायचा नाही. काही जाळायचं नाही, काही चकचकीत करायचं नाही. रंगाऱ्याला फोन नाही, निरोप नाही, शिवी नाही आणि लोटांगणही नाही. जे सांगायचं ते मी सांगेन. आणि त्याच लाकडाच्या आणखी शिड्या कुणाकडे गेल्या असतील, तर त्या आधी परत मागवा. दावा दाव्याच्या जागी. पण दुसरं कुणी पडता कामा नये."

"आणि आमची बाजू खरी असेल तर?" वहिनींनी विचारले.

"तर खरं सांगू. आणि चूक असेल, तर तीही खरीच सांगू. मला फक्त आधी कळली पाहिजे."

दुसऱ्या दिवशी वकीलबाई स्वतः कारखान्यात आल्या. भुशात पाय जपत आत शिरल्या, बसायला जागा शोधली, सापडली नाही, म्हणून पिशवी भिंतीवरच्या एका खुंटीला अडकवून म्हणाल्या, "हं, दाखवा तुमचा पुरावा."

मिस्त्री खोकले.

"बाई," मावशी चाचरत म्हणाली, "तुमची पिशवी पुराव्यावरच आहे."

वकीलबाईंनी पिशवी अशी काही उचलली, जणू ती तव्यावर ठेवली होती! आणि मग त्या हसल्या. आधी ओठांत हसल्या, मग डोळ्यांत, मग खांदे गदगदून हसल्या, आणि त्या हसण्याने समन्स आल्यापासून पहिल्यांदाच त्या पत्र्याखाली वारा आल्यासारखे झाले. खुंटीवर पिवळ्या, निळ्या रंगांचे शिंतोडे उडालेले होते. रंगाऱ्याचीच पायरी ती, कुणाला ओळख पटवून देण्याची गरज नव्हती. आणि जिथे ती तुटली होती, अगदी टोकाशी, तिथे लाकडात एक काळी गाठ होती. गाठीतूनच फाटली होती.

हसू मावळले. गाठ सगळ्यांनी पाहिली.

"माझ्या पायांनी खोटी साक्ष दिली," नाचरे म्हणाले. "मी नाचलो होतो हिच्यावर. पास म्हणालो होतो."

आणि, मायबाप, त्या दिवसापासून नाचरे नाचेनासे झाले. परत मागवलेल्या शिड्या आल्या. मिस्त्रींनी एकेक पायरी तपासली, गाठीच्या पायऱ्या काढल्या, नव्या घातल्या. शिड्या तयार झाल्या आणि भिंतीशी उभ्या राहिल्या. मालक नाचल्याशिवाय दाराबाहेर जाणार नाहीत, हा नियम. आणि मालक शिडीपाशी जात, दांड्यावर हात ठेवत आणि परत फिरत. रोज एखादी शिडी त्या रांगेत वाढे आणि बाहेर एकही जात नसे. शिडी गेली नाही तर कंपनी चालणार नाही; कंपनी चालली नाही तर चार घरांच्या चुलींचे काय, हे वहिनींना हिशेब न मांडताही दिसत होते. दाव्याने कंपनी बुडण्याआधी मालकाच्या पायांनीच ती बुडणार अशी चिन्हे होती.

"अहो, मी नाचू का?" एकदा वहिनींनी विचारले.

"तुझं वजन किती? चिमणी बसल्यासारखं वाटेल शिडीला."

"बरं, टोमणा मारता येतोय अजून. म्हणजे माणूस जिवंत आहे."

पण पाय काही उचलले नाहीत.

इकडे वकीलबाईंनी मुदतीत कैफियत दाखल केली. तिच्यात लपवाछपवी नव्हती आणि शोभेची वाक्येही नव्हती. पायरी बदलली, अपघात झाल्याचे माहीत नसताना, कंपनीच्या रिवाजाप्रमाणे बदलली, तुटलेली पायरी जशीच्या तशी भिंतीत आहे, वादीने केव्हाही येऊन पाहावी. सोबत त्यांनी विनंती केली की प्रकरण आधी मध्यस्थापुढे ठेवावे, समोरासमोर बसून मिटते का पाहावे. विमा कंपनी तयार झाली. रंगारीही तयार झाला.

पायरी मात्र भिंतीतच राहिली. वकीलबाईंनी तिच्यावर कापड बांधून कापडाच्या गाठीवर लाखेची मोहोर उठवली होती, आणि मावशी तान्ह्या बाळाच्या झोळीजवळून जावे तशी तिच्याजवळून पाय न वाजवता जात असे.

मध्यस्थीची खोली लहान होती. एक टेबल, पाण्याचा तांब्या, उंच खिडकी आणि निरनिराळ्या घरांतून गोळा केल्यासारख्या खुर्च्या. मध्यस्थ एक निवृत्त न्यायाधीश होते, त्यांनी आधीच सांगितले, "इथे बोललेलं या खोलीबाहेर कुणी कुणाविरुद्ध वापरणार नाही. तेव्हा मोकळं बोला." वकीलबाईंनी नाचऱ्यांना बजावले होते, की तुम्ही तोंड उघडायचे नाही, आणि उघडलेच तर मी टेबलावर बोट वाजवताच मिटायचे. नाचरे ओठ घट्ट मिटून बसले होते. इतके घट्ट की मध्यस्थांनी त्यांना पाणी हवे का म्हणून विचारले.

रंगारी आला. मनगटाला पट्टा होता. तो कुणाकडे न बघता समोरच्या खुर्चीत बसला, आणि खुर्ची डुगडुगली. एक पाय तोकडा होता. त्याने दुखऱ्या हाताने टेबलाचा आधार घेतला आणि चेहरा वेडावाकडा केला.

नाचरे उठले. मोडके दिसले की उठायचे, हे त्यांच्या हाडांत होते. खिशातून लाकडाची चपटी पाचर काढून ते टेबलाला वळसा घालून गेले, खुर्चीशी गुडघ्यांवर बसले. वकीलबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "कशालाही हात लावायचा नाही!"

नाचऱ्यांचा हात हवेतच थांबला. पाचर बोटांत, खुर्चीचा पाय समोर, आणि वर तो माणूस. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मोडक्या वस्तूवरून नजर उचलली आणि तिच्यावर बसलेल्या माणसाकडे पाहिले.

"फार लागलं का हो?" त्यांनी विचारले.

एवढेच. चार शब्द. पण रंगाऱ्याच्या डोळ्यांत पाणी तरारले, आणि त्या पाण्यामागून राग बाहेर पडला.

"हे तेव्हा का नाही विचारलंत? नाचरेशेठ, किती वर्षं तुमच्याच शिड्या घेतो मी! पलंगावर पडून होतो. शिडी पाठवली. म्हटलं, ती मोडकी बघून धावत येतील. तर दुसऱ्या दिवशी शिडी परत! चकचकीत! कडा घासलेल्या! शिडीची एवढी माया, आणि माझी चौकशी नाही? मला वाटलं, यांनी मुद्दामच मिटवून टाकलं सगळं."

"गाडीवाला काही बोलला नाही..."

"तुम्ही विचारलंत?"

नाचऱ्यांनी मान हलवली. नाही. "तुम्हाला लाज वाटू नये म्हणून विचारत नव्हतो," ते म्हणाले. "प्रेमानंच विचारत नव्हतो हो."

"असलं कसलं प्रेम, ज्याला तोंड नाही!" रंगारी म्हणाला, पण आवाज खाली आला होता. मग तो पुटपुटला, "मीही निरोप द्यायला हवा होता. रुसून बसलो."

वकीलबाईंचे बोट टेबलावर टेकले होते. वाजवावे की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हते. मध्यस्थांनी त्यांना नजरेनेच थांबवले.

"पडलात कसे, ते दाखवाल?" मध्यस्थांनी विचारले.

रंगारी उभा राहिला. फरशीवर पायरी आहे असे समजून त्याने एक पाय तिच्या अगदी टोकाशी, दांड्याला चिकटून ठेवला, दुसरा पाय हवेत सोडला आणि अंग पार लांबवून हात भिंतीच्या कोपऱ्याकडे नेला. "कोपरा रंगवताना असंच उभं राहावं लागतं. सगळे रंगारी असेच उभे राहतात."

नाचरे गुडघ्यांवरून उठले. त्यांनी त्याच्या पायाकडे पाहिले, मग स्वतःच्या पायांकडे पाहिले, आणि एकदम स्वतःच्या कपाळावर असा हात मारला की तांब्या हादरला.

"मधे!" ते ओरडले. "अहो, मी जन्मभर मधेच नाचलो!"

बोट वाजवायचे राहून गेले, मायबाप. वकीलबाईंनी डोळे मिटले. आणि नाचरे सांगत सुटले, हसत आणि रडत, की पाय जुळवून पायरीच्या मधोमध उड्या मारल्या, कडेला कधी पाय ठेवलाच नाही, गाठ होती कडेला, आणि आपण तिच्या शेजारी नाचून पास म्हणत राहिलो. "माझ्या पायांनी खोटं सांगितलं नाही! त्यांनी जिथे उभे होते तिथलंच सांगितलं. सगळी पायरी मीच त्यांना कधी दाखवली नाही."

वकीलबाई डोळे उघडून मध्यस्थांना म्हणाल्या, "माझे अशील आपल्या गुणांनी मला उपाशी मारणार आहेत. आता मिटवूया."

मिटले. औषधपाण्याचा आणि गेलेल्या कामाचा भार विमा कंपनीने उचलला, काही वाटा कंपनीने हप्त्यांनी द्यायचे ठरले, आणि पुरावा नष्ट केल्याचा आरोप रंगाऱ्याने स्वतःच्या तोंडाने मागे घेतला. तो डाव्या हाताने सही करत असताना नाचऱ्यांनी विचारले, "आता लावू का पाचर?" तो म्हणाला, "लावा एकदाची!"

मनगट बरे झाल्यावर रंगारी एका सकाळी अंगणात आला. भिंतीशी शिड्यांची रांग उभीच होती. वहिनींनी दोन्ही दारे सताड उघडली.

"चढा," रंगारी म्हणाला.

"भीती वाटते," नाचरे म्हणाले.

"मला नाही वाटत? पडलो मी आहे! तुम्ही मधे नाचा. तुमचं झालं की मी कडेला उभा राहतो."

नाचऱ्यांनी वहाणा काढल्या. दांडे धरले. पाय जुळवले. क्षणभर काही झाले नाही. मिस्त्रीसुद्धा खोकले नाहीत. आणि मग तोटी फिरली, तळपायांत आनंद परत भरला, पोट हालले, शिडी हालली, अंगण हालले! पाववाला पिठाच्या हातांनी दारात आला, मुले कुंपणाला चिकटली. नाचरे उतरले की रंगारी चढे. डाव्या कडेवर लोंबकळे, उजव्या कडेवर लोंबकळे, काल्पनिक कोपरे रंगवी. आणि दोघे मिळून ओरडत, "पास!" ती सारी रांग दाराबाहेर गेली, आणि तोफ गाडी भरता भरता घामाघूम झाला. रंगारी आजही दर आठवड्याला येतो. कडेला उभे राहण्याची त्याला मजुरी मिळते, आणि मधल्या नाचाला नावे ठेवण्याचा हक्क फुकट.

दुसरा नियम बदलला आहे. परवाच एक माणूस मोडकी शिडी खांद्यावर घेऊन, मान खाली घालून आत आला. त्याने ती टेकवण्याच्या आतच नाचरे, वहिनी, मावशी, तोफ यांनी हातातली कामे टाकून एका सुरात विचारले, "लागलं का कुणाला?" मिस्त्रींनीही तसाच खोकला काढला.

माणूस दचकून दोन पावले मागे सरला. "नाही हो! सासूबाई निजल्या होत्या शिडीवर. आडवी टाकून, खाट केली होती तिची."

"आणि सासूबाई?" नाचऱ्यांनी विचारले.

"त्या ठणठणीत! म्हणतायत, शिडीच कच्ची."

नाचऱ्यांनी वहाणा काढल्या. "मिस्त्री, पायरी काढा. आणि रंगाऱ्याला हाक मारा. आता आडवं निजूनही बघायला हवं!"